गॅरेजमधला खड्डा बुजवावा का? (आणि तुमच्या गावच्या पंप-गॅरेजच्या आठवणी)

पंपवाली

नमस्कार मंडळी. गेली सहा-सात वर्षं इथे नुसती वाचत होते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, तोही एका खड्ड्यासाठी. सांभाळून घ्या.

आमचं गाव मुंबई-गोवा हायवेवर, संगमेश्वरच्या अलीकडे. १९६२ साली अण्णांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, रस्त्याकडेच्या भातखाचरात भराव टाकून पंप सुरू केला. बर्मा शेलचा. एकच मशीन, तेही हाताचं. दांडा मागेपुढे करून पेट्रोल वरच्या काचेच्या बरणीत चढवायचं, खुणेपर्यंत भरलं की गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि मग नळीने गाडीत सोडायचं. पंपामागे जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं गॅरेज आणि गॅरेजच्या मधोमध खड्डा. बारा फूट लांब, तीन फूट रुंद, उभ्या माणसाच्या खांद्याइतका खोल. उतरायला चिऱ्याच्याच पाच पायऱ्या.

१९७६ साली सरकारने बर्मा शेल ताब्यात घेतली, पुढे तिचं भारत पेट्रोलियम झालं. पाटी बदलली, मशीन विजेचं आलं, पण गावाने नाव काही बदललं नाही. आजही एसटीतली म्हातारी माणसं कंडक्टरला सांगतात, "शेलवर उतरव रे बाबा." शेल म्हणजे काय ते त्यांना विचारू नका.

चौपदरीकरणात पुढची जागा गेली आणि पंप उठला. गॅरेज वाचलं, पण बाबांचे गुडघे गेले. चार वर्षं कुलूप आहे. आता दादाला तिथे पर्यटकांसाठी दोन खोल्या आणि पुढे खानावळ काढायची आहे. त्यासाठी खड्डा बुजवून वर फरशी घालायची. बाबांना विचारलं तर म्हणाले, "तुमचं तुम्ही बघा." आमच्या घरात याचा अर्थ "नको" असा होतो.

तर प्रश्न दोन. एक, इतकी वर्षं तेल मुरलेला खड्डा बुजवायचा झाला तर नीट कसा बुजवतात? दोन, बुजवावा का? दुसऱ्याचं उत्तर कोणाकडे नसलं तरी आपापल्या गावच्या पंपाच्या, गॅरेजच्या आठवणी लिहा. वाचायला आवडतील.

चाकरमानी_दादरकर

पहिला! धागा आवडला. शेल म्हणजे तो उतारावरचा, बाजूला फणसाचं झाड असलेला पंप का? असेल तर तुमच्या गॅरेजने आमच्या फियाटला तीनदा जीवदान दिलं आहे.

पंपवाली

फणस नव्हे, रतांबा. पण उतार बरोबर. तोच असणार.

मूळगाव_चिपळूण

बुजवा. भावना वगैरे ठीक आहे, पण उघडा खड्डा म्हणजे पावसात बेडूक, उन्हाळ्यात फुरसं आणि बारा महिने पडणारं पोर. आमच्या काकांच्या गॅरेजात असाच खड्डा होता. त्यात सगळ्यात जास्त वेळा कोण पडलं असेल तर खुद्द काका. संध्याकाळनंतर पडायचे. कारण विचारू नका.

तिरफळ

हाहाहा, विचारत नाही.

चाकरमानी_दादरकर

आता सविस्तर लिहितो.

आमची फियाट १९७३ची. वडील गणपतीला मुंबईहून रात्री दोनला निघायचे, म्हणजे उन्हाच्या आधी घाट ओलांडता येतील. पण वडखळला एक तास, महाडला चहा असं करत कशेडी नेमका दहा-अकराला यायचा. अर्ध्या चढावर गाडी खोकायला लागायची आणि बंद. वडील शांतपणे उतरायचे, बोनेट उघडायचे आणि आईला म्हणायचे, "फडकं दे." इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत वाफ धरते आणि पेट्रोल पुढे सरकत नाही. ओलं फडकं पेट्रोल पंपावर (गाडीतल्या, तुमच्या नव्हे) गुंडाळून दहा मिनिटं थांबायचं. त्या दहा मिनिटांत आम्ही भावंडं दरीकडे तोंड करून रांगेत उभे. पुढे आईने त्या कामासाठी एक वेगळा पंचाच ठेवला होता. घरी धुवायला टाकायचा नाही, गणपतीला निघताना आठवणीने घ्यायचा. मोदकाच्या साच्याशेजारी त्याची जागा.

आता कशेडीला बोगदा झाला. मुलगा गाडी चालवतो, मी शेजारी बसतो, घाट कधी आला नि गेला कळत नाही. पंचा अजून आहे.

बाकी रेडिएटर गळला तर त्यात हळद, टाकी गळली तर भोकावर साबण चोळायचा, हे सगळं तुमच्या गॅरेजात शिकलो. तिथे एक दाढीवाले चाचा होते. लुंगी, वर बनियन, कानाला बिडी. पेटवलेली कधी बघितली नाही.

पंपवाली

आमचेच फिटरचाचा! खाडीकाठच्या गावातून यायचे. बिडी पेटवायची तर हायवे ओलांडून समोरच्या वडाखाली जायचं, हा अण्णांचा नियम. चाचांनी तो अण्णा गेल्यावरही पाळला. रस्त्याची रहदारी वाढली तशी त्यांची बिडी कमी झाली. म्हणायचे, "ओलांडायला पाव तास, ओढायला पाच मिनटं. परवडत नाय."

जुना_फिटर

एसटीच्या वर्कशॉपात ३१ वर्षं काढली, म्हणून थोडं बोलतो.

हळद आणि साबण याबद्दल. साबण ठीक, पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून गॅरेजपर्यंत पोचवतो. हळद मात्र गळती बुजवता बुजवता रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवते. एकदा घातली की घरी गेल्यावर रेडिएटर खोलून साफ करायलाच हवा. लोक घालतात आणि विसरतात. मग पुढच्या वर्षी गाडी तापते तेव्हा मिस्त्रीला शिव्या.

आता खड्ड्याबद्दल, आणि हे कोणाला आवडणार नाही. पंपाच्या आवारात गॅरेजचा खड्डा ही मुळातच धोक्याची गोष्ट. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत सरकते आणि खोलगट जागा दिसली की तिथे साठते. तुमचा खड्डा म्हणजे त्या वाफेची बादली. एक साधा हातदिवा फुटला तरी पुरे. वर गाडीचं इंजिन चालू असेल तर धूरही खाली कोंडतो. आमच्याकडे खड्ड्यात उतरण्याआधी इंजिन बंद हा नियम होता आणि तरीही एकदा एक जण चक्कर येऊन पडलेला मी उचलला आहे. तेव्हा आठवणी काढताना हेही आठवा.

पंपवाली

तुमचं म्हणणं पटतंय आणि थोडा घामही फुटलाय. आमच्या खड्ड्यात वायरला लोंबणारा बल्ब असायचा. त्याला जाळीचा पिंजरा होता एवढंच. मशीन आणि खड्डा यांत अंतर बरंच होतं, पण ते अण्णांनी अक्कल वापरून ठेवलं की जागाच तशी होती, देव जाणे.

शंकेखोर

सगळे गहिवरलेत, तर मी जरा मीठ टाकतो.

या "घरगुती" पंपांचं एवढं कौतुक नको. हायवेवरच्या अशाच एका पंपावर (नाव-गाव सांगत नाही) माझ्या गाडीत ३७ लिटर पेट्रोल घातलं. कंपनीच्या पुस्तकात टाकीची क्षमता ३५ लिटर! वर मालकाचा मुलगा मलाच म्हणतो, "काका, तुमची गाडी वाढलीय." भेसळीचं तर बोलूच नका. रेशनच्या रॉकेलला निळा रंग उगाच दिला नव्हता.

मूळगाव_चिपळूण

"गाडी वाढलीय" भारी आहे :-)

जुना_फिटर

शंकेखोर, भेसळ व्हायची, ते खरं. मापात मारणारेही होते. पण तुमचा ३७ लिटरचा पुरावा टिकत नाही. पुस्तकातला आकडा टाकीच्या सुरक्षित पातळीचा असतो. वर पेट्रोल फुगायला मोकळी जागा ठेवलेली असते, शिवाय टाकीच्या गळ्यात मावतं ते वेगळंच. गळ्यापर्यंत भरलंत तर दोन-तीन लिटर जास्त सहज जातं. भरू नये, पण जातं.

खरी शंका असेल तर भांडायचं नाही, पाच लिटरचं माप मागायचं. वैधमापन खात्याचा शिक्का असलेलं ते माप प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं आणि गिऱ्हाइकाला तपासून दाखवावंच लागतं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक नियमात बसतो, त्याच्या वर नाही. फिल्टर पेपरही मागता येतो. थेंब टाकायचा, वाळू द्यायचा. डाग राहिला तर पेट्रोलात गडबड. हे फुकट असतं आणि कोणी मागत नाही.

शंकेखोर

माप मागितलं की मागच्या दहा गाड्या हॉर्न वाजवतात, त्याचं काय? बाकी टाकीच्या गळ्याचं माहीत नव्हतं. नोंद घेतली. पूर्ण माघार नाही.

तिरफळ

दुसरी बाजूही लिहितो. माझ्या मामाचा पंप होता, तळकोकणात. लोकांना वाटतं पंपवाला म्हणजे शेठ. डीलरचं कमिशन मुख्यतः लिटरवर ठरलेलं. पेट्रोल ५० रुपये असो की १०० रुपये, लिटरमागे सुटणारा पैसा फारसा हलत नाही, पण टँकर मागवायला पैसे मात्र दुप्पट भरा, तेही आधी. वर उन्हाचा हिशोब. पेट्रोल तापलं की फुगतं, निवलं की आकसतं. दहा अंशांचा फरक पडला तर १२ हजार लिटरच्या टँकरमागे सव्वाशे लिटरच्या आसपास इकडचं तिकडे. मामा टँकर आला की आधी तापमापी आणि घनतेची नळी घेऊन टाकीवर चढायचा. पावसात मामी छत्री धरून शिडीवर. ड्रायव्हर खाली चहा पीत बसलेला. त्याला काय, त्याचा टँकर रिकामा होणारच.

मालवणी_खाजा

आमच्या गावात पंपय नाय नि गॅरेजय नाय. एक सायकलवालो होतो. तोच होडयेचा इंजिन बघी, तोच भाताची गिरण दुरुस्त करी आणि दशावतारात संकासुर पण तोच. गिरण बंद पडली की लोक म्हणत, "थांबा, संकासुर झोपलोहा." एकदा जत्रेक इलेल्या मुंबयकाराची गाडी देवळाकडे बंद पडली. ह्यो काळो झगो न काढताच गाडयेखाली गेलो. गाडयेतल्या पोरान खिडकीतसून वाकान बघल्यान आणि जी बोंब मारल्यान, ती नाटकातल्या पेटयेच्या वर ऐकाक इली.

सुपारीबाग

मालवणी_खाजा, दंडवत!

आम्ही श्रीवर्धनकडचे. जुन्या आठवणी नाहीत, अलीकडची आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दुपारपर्यंत बाग आडवी. पुढचे कितीतरी दिवस वीज नाही, फोन नाही. आमच्या बाजारातल्या पंपावर जनरेटर होता. मालकीणबाई पंपाच्या खोलीत फळीवर एक्स्टेंशन बोर्ड लावून बसायच्या. गावचे मोबाइल ओळीने चार्जिंगला. ज्याला रेंज मिळेल त्याने सगळ्यांचे निरोप सांगायचे.

पण मला आठवतंय ते वेगळंच. रस्त्यात, घरांवर, विहिरींवर माड आणि सुपाऱ्या पडलेल्या. कापायला पेट्रोलवर चालणाऱ्या करवती आल्या. त्या टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. चालवणारी पोरं नवी, कोरं पेट्रोल घालून दोन करवती जाम केल्या. मग त्या बाईंचे सासरे, ऐंशीच्या पुढचे, खुर्ची टाकून पंपावर बसले आणि स्वतः माप करून द्यायला लागले. लिटरला २० मिलि टू-टी ऑइल घालायचं, हलवायचं आणि मगच कॅन हातात द्यायचा. चेतक आणि लुनांच्या जमान्यातलं मापटं त्यांनी जपून ठेवलं होतं. आमचा रस्ता त्या मापट्याने मोकळा केला म्हणा ना.

चाकरमानी_दादरकर

टू-टी! चेतक आडवी करून मग किक मारायची, ते आठवलं. हल्लीच्या पोरांना सांगितलं तर वाटतं स्कूटरला चक्कर यायची.

मूळगाव_चिपळूण

सुपारीबाग, तुमचं वाचून आमचा २२ जुलै २०२१ आठवला. चिपळुणातला पूर सगळ्यांनी टीव्हीवर बघितला. पाणी ओसरल्यावरची गॅरेजं कोणी दाखवली नाहीत. बाजारपेठेतून ढकलत आणलेल्या गाड्यांची रांग, सगळ्या एकाच रंगाच्या. चिखलाच्या. काकांच्या गॅरेजात (हो, तेच खड्ड्यात पडणारे) त्यांनी पाटीवर खडूने लिहिलं होतं, "चावी फिरवू नका". सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हजारांत होणारं काम लाखात जातं. काका आणि दोन पोरं दिवसभर प्लग काढून इंजिन हाताने फिरवत होती. भोकातून पिचकारीसारखं पाणी उडायचं. ज्यांनी घाईने चावी फिरवली होती ते कबूल करत नसत. काका नुसता आवाज ऐकून म्हणायचे, "किती वेळा फिरवलीस?" "एकदाच." "बायकोची शपथ?" "...तीनदा."

त्या वेळी काकांचा खड्डाही गाळाने गच्च भरला होता. सगळी गॅरेजं साफ झाली तरी तो त्यांनी उपसला नाही. वरून सिमेंट ओतलं. त्यानंतर एकदाही पडलेले नाहीत.

पंपवाली

किती छान लिहिताय सगळे. मी बाबांना मोबाइलवर वाचून दाखवतेय. "बायकोची शपथ"ला हसले. शंकेखोर यांच्या प्रतिसादाला "बरोबर आहे त्याचं" म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, "आपलं नसेल, पण बरोबर आहे."

आता माझंही थोडं सांगते.

आमच्याकडे उधारीची वही होती. तिच्यात माणसांची नावं नव्हती, गाड्यांची होती. "लाल राजदूत, ३ लिटर." "डॉक्टर फियाट, १० लिटर, पाना परत आणला नाही." "भटजी लुना, १ लिटर." आमच्याकडची उधारी महिन्याला फिटत नसे. कोणाची मुंबईची मनीऑर्डर आली की, कोणाची आंब्याचे पैसे हातात आले की, बाकीच्यांची गणपतीला मुलगा आल्यावर. अण्णा व्याज लावत नसत, पण वहीतलं नाव बदलत असत. फार थकली की "डॉक्टर फियाट"ची नुसती "ती फियाट" व्हायची. डॉक्टरांना कोणीतरी हे सांगितलं आणि ते दुसऱ्या दिवशी पैसे घेऊन हजर.

११ डिसेंबर १९६७, कोयनेचा भूकंप. बाबा तेव्हा नऊ वर्षांचे. पहाटे गॅरेजच्या भिंतीवर टांगलेले पाने आपोआप किणकिणायला लागले, त्याने ते जागे झाले. आजी पोरांना घेऊन अंगणात. अण्णा मात्र अंधारात उलट दिशेला पळाले, पंपाकडे. काचेची बरणी शाबूत आहे का बघायला. आजीने ते त्यांना मरेपर्यंत ऐकवलं.

आणि खड्डा. तो मुख्यतः बाबांचा. मला लहानपणी कळायचं नाही की गिऱ्हाईकं गाडी दुरुस्त होईपर्यंत तिथेच का घुटमळतात, समोर आजीचा चहा असताना. नंतर लक्षात आलं. बाबा खाली, माणूस वर. एकाला दुसऱ्याचे फक्त पाय दिसतात. तशात लोक काय काय बोलायचे! मुलीचं मोडलेलं लग्न, भावाने हडपलेली कलमं, मुंबईतल्या गिरणीतली गेलेली नोकरी. बाबा खालून "हं" म्हणायचे आणि "चौदाचा पाना द्या" म्हणायचे. वर आल्यावर त्यातला एक शब्द कधी घरात बोलले नाहीत. आईला त्याचा राग होता. गावातल्या सगळ्या भानगडी नवऱ्याला आधी कळतात आणि आपल्याला सगळ्यात शेवटी.

खाडीपलीकडचा

गिरणीचं वाचून थांबलो. त्या वेळी आमच्याकडे घरटी एक माणूस परत आला होता.

आमच्या बाजूला पंप नव्हता. पेट्रोल आणायचं तर कॅन घेऊन तरीने खाडी ओलांडायची, पलीकडे दोन किलोमीटर चालायचं आणि भरलेला कॅन घेऊन परत. तरवाला पेट्रोलच्या कॅनचं वेगळं भाडं घ्यायचा आणि कॅनवाल्याला टोकाला बसवायचा. म्हणायचा, "पेटलास तर पाण्यात टाकायला बरा." आता फेरीबोटीतून अख्खी मोटार पलीकडे जाते.

शंकेखोर

पंपवालीताई, चौदाच्या पान्याचं वाचून माझीही थोडी माघार. पण उधारीच्या वहीत माझी गाडी असती तर तुमच्या अण्णांनी काय नाव दिलं असतं याचा विचार करतोय.

तिरफळ

"माप दाखवा मारुती."

शंकेखोर

:-) मान्य.

जुना_फिटर

गप्पा झाल्या. ताईंचा पहिला प्रश्न तसाच राहिलाय, म्हणून उत्तर देतो. बुजवायचाच असेल तर असा.

आधी आत काय आहे ते बघा. पाणी साठलं असेल तर वर तेलाचा तवंग असणार. पंप लावून ते पाणी शेतात किंवा वहाळात सोडू नका. तवंग आधी भुशाने किंवा सुक्या मातीने टिपून घ्या, पत्र्याच्या पिंपात भरा. जळकं ऑइल परवानाधारक गोळा करणारे घेतात, जिल्ह्याच्या औद्योगिक वसाहतीत चौकशी करा. पूर्वी आपण ते वाळवीसाठी वाशांना फासायचो, पावसाआधी गाडीच्या पोटाला मारायचो आणि उरलेलं कुंपणाबाहेर ओतायचो. जांभा म्हणजे चाळण. ओतलेलं कुठल्या विहिरीत निघेल सांगता येत नाही. विहीर जवळ असेल तर पाणी तपासून घ्या, पंपाच्या जुन्या जमिनीखालच्या टाकीमुळेही कधीकधी वास लागतो.

मग तळाचा आणि बाजूचा तेलकट थर खरवडून काढा. तळाला सिमेंट असेल तर ते दोन-तीन ठिकाणी फोडा, नाहीतर पावसाळ्यात खड्डा भरलेल्या टाकीसारखा राहील आणि वरची फरशी उचलेल. नंतर खाली बोल्डर, वर खडी, वर मुरूम, प्रत्येक थर धुमसून. एकदम माती ओतलीत तर दोन पावसांत तुमच्या खानावळीचं टेबल एका बाजूला कलंडेल.

बुजवायचा नसेल तर लोखंडी जाळी करून घ्या, माणसाचं वजन पेलणारी. पंप उठला आहे, जवळ पेट्रोल नाही, तेव्हा मी वर लिहिलेला मोठा धोका आता राहिलेला नाही. तरी एकट्याने उतरू नये.

पंपवाली

फारच उपयोगी. प्रिंट काढून दादाला दिलं. विहीर आहे, पण वरच्या अंगाला. तरी तपासून घेतो. दादा ठाम आहे. पुढच्या आठवड्यात बोल्डर येतोय. बाबा "हं" म्हणाले.

मालवणी_खाजा

"हं" म्हणजे चौदाचो पानो मागतले आता.

सुपारीबाग

पंपवाली, काय झालं पुढे? दोन आठवडे झाले.

पंपवाली

सांगते. दादाने हे मी इथे लिहायला बंदी घातली आहे, तेव्हा पटकन लिहिते.

तळ फोडून झाला होता. तेलाचा चिखल पिंपात भरून गेला. परवा सकाळी बोल्डर घेऊन छोटा हत्ती आला. आमच्या चढावर क्षमतेच्या दुप्पट माल, दुसरं काय होणार. गेटात शिरताना मागून खाडकन आवाज. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटला, एक्सल तिरका. ड्रायव्हर विशीतला पोरगा, रडकुंडीला आला. गाडी भाड्याची, दुपारी दुसरी खेप ठरलेली. दादा म्हणाला, "चिपळूणहून माणूस बोलावू." चिपळूणचा माणूस फोनवर म्हणाला, "संध्याकाळी."

बाबा ओसरीवरून हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "माल उतरवा आणि गाडी आत घ्या."

बोल्डर अंगणात उतरवला. दोन फळ्या टाकून छोटा हत्ती ढकलत गॅरेजात, खड्ड्यावर. बाबांना पायऱ्या उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून ते खुर्ची टाकून वर बसले आणि खाली कोण उतरलं? दादा. बँकेत नोकरी, इस्त्रीचा शर्ट, लहानपणी ऑइलचा वास नको म्हणून मामाकडे शिकायला राहिलेला दादा. बाबा वरून सांगतायत आणि हा खालून विचारतोय. दोन तास चालू होतं. बोल्ट मिळेना, तेव्हा बाबांनी पत्र्याच्या डब्यातून एक काढून दिला. चार वर्षं बंद असलेल्या गॅरेजातला, ग्रीस लावून कागदात गुंडाळलेला. लांबीला जास्त होता, तो कापला.

ड्रायव्हर वर उभा राहून सबंध वेळ बोलत होता. त्याचं लग्न ठरत नाहीये, मुलीकडचे म्हणतात गाडी स्वतःची हवी. दादा खालून "हं" म्हणत होता. मी ऐकलंय.

बोल्डर अंगणातच पडलाय. दादा म्हणतो पावसाळ्यानंतर बघू. जाळीचं माप मात्र आज लोहाराकडे दिलं.

शंकेखोर

ते सगळं ठीक. पण त्या पोराकडून पैसे घेतलेत की वहीत लिहिलंत?

पंपवाली

बाबांनी वही मागितली. "छोटा हत्ती, १ बोल्ट."